मावेलीला घ्यायला कोण येणार?

३ जून, सकाळी ७
ठरलं. या ओणमला स्वतःची कॅसेट. एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या मिमिक्री ट्रूपला पॅरडी गाणी लिहून दिली. चाल गाजलेल्या सिनेमाची, शब्द माझे, कव्हरवर नाव गायकाचं. एकदा तर तबलजीचं. आता बस झालं.
संकल्प : रोज एक गाणं. सिगारेट बंद. रोझिलीला दर पंधरवड्याला कॅसेट बोलून पाठवणे.

५ जून
कल्पना सुचली! आमचा मावेली, म्हणजे बळीराजा, ओणमला पाताळातून प्रजेला भेटायला येतो. यंदा तो विमानाने येतो. तिरुवनंतपुरमला उतरतो तर बाहेर ही गर्दी! राजा खूश. पण सगळे गल्फवाल्यांना घ्यायला आलेले. राजाला घ्यायला कोणीच नाही.
एकटाच पोट धरधरून हसलो. शेजारच्या शोशाम्मा म्हातारीने कुंपणावरून विचारलं, काय झालं रे इट्टी? सगळी गोष्ट सांगितली. ती हसली नाही. म्हणाली, बिचारा, जेवला का मग तो? बायकांना विनोद कळत नाही.

१४ जून
गाणी : शून्य. सिगारेटी : चार (विचार करण्यासाठी). रोझिलीची कॅसेट : उद्या.

२२ जून
उलट तिचीच आली. मस्कतहून सुट्टीवर आलेल्या एका नर्सबरोबर. लग्नाला सहा वर्षं झाली, त्यातले एकत्र अकरा महिने, बाकीचा संसार टेपवर. कप्पचे कंद उकडताना पहिली दहा मिनिटं ऐकली. नेहमीचंच. मेट्रन, ऊन, तुम्ही जेवता का वेळेवर. तिची एक खोड आहे. एवढं बोलते आणि मुद्द्याचं दुसऱ्या बाजूला अगदी शेवटी, चप्पल घालता घालता आठवल्यासारखं. तो मुद्दाही बहुधा मेट्रनच असतो.
उरलेली रविवारी ऐकणे.

२७ जून, रविवार
जमलं नाही. यमक जुळत नव्हतं.

११ जुलै
गाणी तीन झाली. त्यातलं विमानतळाचं तर अमर होणार :
राजा उभा उन्हात, छत्री घेऊन हाती,
ज्याच्या त्याच्या नावाची पाटी, माझी पाटी कुठं होती?
कचेरीत म्हणून दाखवलं. पाणीपट्टी भरायला आलेले एक गृहस्थ म्हणाले, पावती आधी द्या.

२४ जुलै
रेकॉर्डिंग. बसस्टँडजवळ हमीदिक्कांचं कॅसेटचं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेत, म्हणजे स्टुडिओ. कस्टमवाला, गल्फवाला, गल्फवाल्याची बायको, सगळे आवाज सुगुणनचे. माझा तो जुना मित्र. मावेली मी स्वतः. सुगुणनने हळूच सुचवलं की गाण्यापुरता मावेलीही तोच करतो. मी मनाला लावून घेतलं नाही. फक्त दीड तास त्याच्याशी बोललो नाही.
संध्याकाळी मशिनने मास्टर टेप खाल्ली. हमीदिक्का म्हणाले, इथल्या टेपला सूं आवाज येतो, तुझी बायको गल्फात आहे ना, घरात एखादी जपानी टेप असेल तर आण.
आहे. एकच. पहिली बाजू जवळजवळ ऐकलेली आहे. दुसऱ्या बाजूला मेट्रन असणार.
नेली. कलेसाठी काही सोडावं लागतं.

१ ऑगस्ट
मास्टर तयार! पहिली बाजू पूर्ण भरली, दुसरी सव्वीस मिनिटं. तीस मिनिटांच्या बाजूला शेवटी चार मिनिटं कोरी राहिली तर बिघडलं कुठं? हमीदिक्कांच्या मशिनवर तीन-तीन कॅसेटी भराभर निघतात, ऐकत कोणी बसत नाही. तीनशे काढल्या. मीही शेवटपर्यंत ऐकली नाही. आपलंच काम आपण काय ऐकायचं?
रोझिलीला पत्र टाकलं. तुझी कॅसेट संपूर्ण ऐकली, फार छान वाटलं, सगळं तुझ्या मनासारखं होईल. पत्रात असं लिहिलं की बायका खूश असतात.

२१ ऑगस्ट, ओणमचा पहिला दिवस
प्रकाशन. नगरसेवक यायचे होते, आले नाहीत. हमीदिक्कांचा मेहुणा पंखा दुरुस्त करायला आला होता, त्याच्या हस्ते केलं. उपस्थिती अकरा. पैकी चौघे कोट्टयमच्या बसची वाट बघत होते. पण उभे होते, हे महत्त्वाचं.
घरी येऊन कोणाला तरी सांगावंसं वाटलं. रोझिलीसाठी कॅसेट बोलायला बसलो. कोरी टेप नव्हती.

२३ ऑगस्ट
यश! न्हावी राजप्पन म्हणाला, बाकीचं ठीक आहे इट्टिच्चाया, पण शेवटचा आयटम! त्या बाईचा आवाज! बायको रडली हो माझी, दोनदा मागे नेऊन ऐकला.
शेवटचा आयटम म्हणजे विमानतळाचं गाणं. गल्फवाल्याच्या बायकोच्या आवाजात सुगुणनच्या दोन ओळी आहेत त्यात. सुगुणनला कळवलं. तो म्हणाला, दोनच तर ओळी, त्यात रडण्यासारखं काय आहे? त्याने अजून आपली कॅसेट ऐकलेली नाही. त्याचा टेपरेकॉर्डर बिघडलाय.

२५ ऑगस्ट
चर्चमध्ये फादर पाठीवर हात ठेवून म्हणाले, शेवट ऐकला, देव तुमचं भलं करो. शोशाम्माने केळ्याच्या वेफर्सचा डबा आणून दिला. सत्तावीसला लागतील म्हणाली.
सत्तावीसला वाचनालयात माझा मावेलीचा कार्यक्रम आहे. हिला कसं कळलं? जाहिरात खालपर्यंत पोचलेली दिसते.

२६ ऑगस्ट
चहाच्या टपरीवर सगळे विचारत होते, उद्या कधी निघणार? म्हटलं साडेतीनला. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एक म्हणाला, अहो, साडेतीनला निघून पोचणार कधी? म्हटलं, दहा मिनिटांत, चालत. टपरी खो खो हसली. एकोणीस वर्षांत माझ्या बोलण्यावर इतकं कोणी हसलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं.

२७ ऑगस्ट, संध्याकाळी ७
कार्यक्रम झाला. मुकुट, खोटं पोट, ताडाच्या पानांची न मिटणारी छत्री. एकोणीस प्रेक्षक. अर्ध्यात मागून एका बाईने ओरडून विचारलं, तुम्ही इथे कसे हो? मी लगेच उत्तर दिलं, प्रजेला भेटायला आलो! कोणी हसलं नाही. ती बाई उठून गेली, मग एकेक जण. शेवटच्या गाण्याला खुर्च्याच जास्त होत्या.
पोट बांधूनच घरी आलो. छत्री दारातून आत जाईना. कोणी असतं तर तिकडून धरली असती. शेवटी बाहेरच ठेवली.

२८ ऑगस्ट
सकाळी सुगुणन आला. सोबत बायको आणि पायसमचं भांडं. विचारतो, रोझिलीताई कुठे आहेत? म्हटलं, मस्कतला, अजून कुठे? मग त्याने माझीच कॅसेट माझ्याच टेपरेकॉर्डरला लावली, शेवटाकडे नेली. काल बायकोच्या माहेरी पहिल्यांदा पूर्ण ऐकली म्हणाला.
विमानतळाचं गाणं. मावेलीचं हसू, म्हणजे माझं. खट्ट आवाज. मग रोझिली.
‘...आणि इच्चाया, मुद्द्याचं राहिलंच. मी नोकरी सोडली. सत्तावीस ऑगस्टला दुपारी एकच्या विमानाने येते. आता परत जायचं नाही. कोणाला पाठवू नका हं, तुम्हीच या. दर वेळी माझा भाऊच येतो. सगळ्यांची माणसं दाराशी उभी असतात, मी आपली खाली बघत बाहेर येते. एकदा तुम्ही दिसायला हवेत मला त्या गर्दीत. हसू नका. ठेवते, टेप संपत आली.’
सुगुणनची बायको रडत होती. पायसम तसंच राहिलं.
आमच्या सगळ्या चंगनाशेरी गावाला तारीख माहीत होती. मला नव्हती.

३० ऑगस्ट, तिरुवोणम, ओणमचा मुख्य दिवस
पालाला गेलो, तिच्या माहेरी. वेफर्सचा डबा नेला. सासूबाईंनी दार उघडलं आणि आत जाऊन सांगितलं, आलेत.
रोझिली त्या दिवशी विमानतळावर साडेपाचपर्यंत उभी होती. माझं पत्र पर्समध्ये होतं, संपूर्ण ऐकली असं लिहिलेलं. म्हणून तिने भावालाही कळवलं नव्हतं. शेवटी टॅक्सी केली. ड्रायव्हरने कॅसेट लावलेली. तिला म्हणाला, ताई, गाणी रटाळ आहेत, पण शेवट ऐकाच.
मी समजावलं. मशिनने टेप खाल्ली, जपानी टेप मिळत नाही, शिवाय लोकांना तो भाग फार आवडला. हे शेवटचं बोलायला नको होतं.
तिने एवढंच विचारलं, पहिली बाजू तरी ऐकली होती का? म्हटलं, जवळजवळ.

९ सप्टेंबर
मेट्रनने पंधरा दिवस जागा धरून ठेवली होती. रोझिली परत गेली. या वेळी मी विमानतळावर चार तास आधी पोचलो. पाटीही नेली होती, तिचं नाव लिहून. पोचवायला येताना पाटी आणत नाहीत, असं तिचा भाऊ म्हणाला.
आत जाताना तिने एक नवी कॅसेट हातात दिली. दोन्ही बाजू कोऱ्या. म्हणाली, आता तुम्ही बोला.

११ सप्टेंबर, सकाळी
कचेरीला दांडी. खिडक्या लावल्या, रेकॉर्डचं बटण दाबलं, माइकसमोर बसलो. तीस मिनिटांनी बटण आपोआप वर आलं. बाजू उलटली. पुन्हा तीस मिनिटं.
आत्ता लावून शेवटपर्यंत ऐकली. टेप जपानी आहे, सूं आवाज अजिबात नाही. माझा पंखा फार स्वच्छ ऐकू येतो.