काखेतलं हिरवं लुगडं

१४ ऑक्टोबर २०१७, शनिवार
कनाटा

डोकं अजून तापलेलंच आहे. आज पार्कात, जुन्या इंग्लंडातल्या लढायांची हौसेनं नक्कल करणाऱ्या आमच्या ग्रुपच्या सरावात, पहिल्याच झटापटीत माझ्या जाड अंगरख्याची काख उसवली आणि आतलं आईचं हिरवं लुगडं दिसायला लागलं. आमच्या ग्रुपमध्ये पोशाख तपासणारा ग्रॅहम लगेच म्हणाला, असलं कापड चौदाव्या शतकातल्या इंग्लंडात नव्हतं, ते काढ, नाहीतर पुढच्या शनिवारी मैदानात उतरू नकोस.

का काढू? चिलखताखाली मार सोसायला कापडाचे थर एकत्र शिवायचे, ही त्या काळच्या इंग्रजांचीच रीत. मी महिनाभर बसून, गोधडीला घालतात तसा धावदोरा हातानं घातला. थरांना ज्याच्या घरात जे जुनं असेल ते. माझ्या घरात लुगडं होतं. ग्रॅहम स्वतः चिलखताखाली आजचे विंटरचे थर्मल कपडे घालतो, ते बरं चालतं.

लेक म्हणाली, "जस्ट स्टिच इट अप, आई. नोबडी विल सी."

तेच तर नकोय. मी तिथे मजा करायला जाते, परीक्षा द्यायला नाही.

शनिवारी जाणार. काख उसवलेलीच ठेवणार. आणि तलवार उगारताना हात जरा जास्तच वर नेणार.