डोहाचं नाव

१४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. आईचे गुडघे सोडले तर इकडे सगळं ठीक आहे. तुझा फोन सुरू होतो न होतो तोच संपतो, म्हणून पत्र लिहितेय. हे तरी पुरं वाच.

सध्या आमच्याकडे आपल्या खोऱ्याच्या ऐतिहासिक नकाशाचं काम आहे. ओढे, टेकड्या, पायवाटा यांची लोकांच्या तोंडची नावं गोळा करत हिंडते. दोन वेगळ्या घरांनी, एकमेकांना न विचारता, तेच नाव सांगितलं तरच ते नकाशावर घ्यायचं, असा नियम. मागे एका टेकडीवरून दोन शेजारी हमरीतुमरीवर आले. एकाच्या मते ती ‘टकली’, दुसऱ्याच्या मते ‘बोडकी’. दोन्ही नावं लिहून घेतली, तेव्हा कुठे मला चहा मिळाला.

नदीच्या वळणावरच्या डोहाला मात्र नावच मिळेना. ज्याला विचारावं तो म्हणे, “त्याला कसलं नाव, ताई? नुसता डोह.” मीही खोदून विचारलं नाही. रकाना कोरा सोडला.

परवा नव्या सहकाऱ्याला तिकडे पाठवलं. त्याला आपल्या घरातलं काही ठाऊक नव्हतं. खांद्यावरची पिशवी खाली न ठेवताच म्हणाला, “कमाल आहे, मॅडम. सगळे एकच नाव सांगतात. छोट्याचा डोह. हा छोट्या कोण?”

“माझा धाकटा भाऊ,” मी म्हटलं. बिचारा पाणी आणायला म्हणून गेला, तो बराच वेळ फिरकलाच नाही.

नावामागची हकिकतही आम्ही रेकॉर्ड करतो. मी बसून सगळं ऐकलं. दादा, तुझं लक्ष नव्हतं असं एकानेही म्हटलेलं नाही. मोठा पुन्हा पुन्हा बुडी मारत होता, ओठ काळेनिळे पडले तरी बाहेर येईना, शेवटी ओढून काढावा लागला, असंच सगळे सांगतात. आपल्या घरात हे कुणी कधी बोललंच नाही. बोलायला हवं होतं रे. तू तरी किती मोठा होतास तेव्हा?

शेवटचा आवाज काठावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईचा आहे. मी तो लगेच ओळखला. त्या गुडघ्यांनी ती तिथवर जाते, याचा मला पत्ताच नव्हता. ती म्हणते, “मला दोन मुलगे. एक या पाण्यात गेला. दुसरा पाण्यातून बाहेर आला, पण घरी नाही आला.”

माणसाचं नाव नकाशावर घालायचं तर घरच्या सगळ्यांची संमती लागते. आईने सही केली, मीही केली. तुझी राहिली आहे. कागद टपालाने पाठवता येतो, साहेबांनी तसं सुचवलंही. मी पाठवणार नाही. तुझ्या सहीवाचून डोह निनावी छापला गेला, तर मात्र मी तुला दोष देईन. आत्ताच सांगून ठेवते.

कागद आईच्या उशाशी आहे. येऊन सही कर.

तुझी,
मधली