क्रोमऐवजी तांबं

६ जानेवारी १९९७, बारामती

नाही म्हणून सांगितलं. मालकांच्या तोंडावर. पुढची बॅच मी डायक्रोमेटवर, त्या विषारी क्रोमच्या क्षारावर, लावणार नाही!

साखरबाई आमच्या कारखान्यात क्रोमचे ड्रम धुते. सकाळी तिनं फाटके हातमोजे काढून बोटं पुढं केली. सांध्यांवर खोल खड्डे, कडा सुजलेल्या. "दुखत न्हाय बाई, पर भरूनबी येत न्हाय." क्रोमच ते. तशीच उठून मालकांच्या, दादासाहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"योगिनी मॅडम, एम.एस्सी. झालात म्हणजे कारखाना चालवता येतो असं नाही. क्रोम नको तर दुसरं काय ते दाखवा. महिनाअखेरीपर्यंत."

दाखवते.

७ जानेवारी

आपल्यापुरतं एकदा नीट मांडून ठेवते. आमचं अल्कोहोल एरंडेल तेलापासून येतं. त्यातला हायड्रोजन काढला की उरतो कीटोन — अत्तरवाल्यांना तोच हवा. डायक्रोमेट तो हायड्रोजन ओरबाडून घेतं आणि मागं हिरवी घाण ठेवतं. ती मागच्या खड्ड्यात. खड्ड्यातून कुठं जाते, कुणी विचारत नाही. तापलेलं तांबं मात्र हायड्रोजन नुसता सुटा करतं, वायू होऊन तो निघून जातो. तांबं तसंच्या तसं.

पुस्तकात तरी.

१३ जानेवारी

फसलं. तांब्याची पूड सुरुवातीला छान चालली, मग ठप्प. उघडून पाहिलं तर पुडीचा गोळा झालेला. आच जास्त झाली.

दादासाहेब दारातूनच म्हणाले, "मोडीत घालायला बरंय तुमचं तांबं."

हसू देत.

१४ जानेवारी

संक्रांतीचं आबा, माझे वडील, शेळगावहून आले. बाजरीची भाकरी, तिळाची चटणी, आणि काळजी.

"मालकाशी वाकडं घेतलंस म्हनं."

"घेतलं."

"नोकरी गेली तर?"

"दुसरी बघीन."

"आन् तितंबी आसंच आसलं तर?"

"तर तितंबी न्हाय म्हणीन, आबा."

भाकरी मोडून माझ्या ताटात वाढली. मेंढरामागं हिंडलेला माणूस, कुणाला उलटून बोललेला मी पाहिला नाही. मग म्हणाले, "जेव आधी. गार व्हतंय."

२१ जानेवारी

नुसती पूड टिकत नाही, कण एकमेकांना चिकटतात. आता तांबं झिंक ऑक्साइडवर बसवलंय, म्हणजे कण लांबलांब राहतील. आच कमी. घाई नाही.

२४ जानेवारी

जमलं!

नळीचं तोंड पाण्यात सोडलं होतं. खिडक्या सताड उघड्या, आच विजेची, आसपास शेगडी नाही, विडी नाही — हायड्रोजनशी खेळ नको. बुडबुडे सुरू झाले आणि दुपारपर्यंत थांबले नाहीत. थेंबभर काढून तपासणीच्या द्रावणात टाकला. लगेच नारिंगी साका. कीटोन! तांबं गाळून पुन्हा वापरलं. पुन्हा चाललं.

साखरबाईला गाळणीतली काळी पूड दाखवली.

"येवढंच उरतं?"

"एवढंच. आणि हेही परत वापरायचं."

ती हसेल असं वाटलं होतं. म्हणाली, "मग आमाला काम ऱ्हाईल का?"

याचा विचारच केला नव्हता मी. "ड्रम तर भरावेच लागतील ना," म्हटलं. तिला पटलं की नाही, कळलं नाही.

२५ जानेवारी

दादासाहेब पुण्याला. वाट बघणं आलं.

२८ जानेवारी

दादासाहेबांनी बाटली हुंगली, उजेडात धरली. "झकास!" मनापासून म्हणाले, खोटं कशाला बोलू. मग खुर्चीत टेकून — "पण ऑर्डर डोक्यावर आहे. नवीन भांडं बसवायला वेळ जाईल. एवढी बॅच जुन्याच पद्धतीनं काढा. पुढचं मग बघू."

हे "मग बघू" मी लहानपणापासून ऐकतेय.

लॅबच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "तुम्हीच लावा मग." घरी आले. राग जात नव्हता. रडले मात्र नाही.

३० जानेवारी

सकाळी कारखान्याची जीप दारात. ड्रायव्हर सांगत होता, ड्रम धुणाऱ्या बाया आत जायला तयार नाहीत. साखरबाईनं मालकांनाच सुनावलं — "क्रोमाचं झाकण आमी उघडनार न्हाय. बाईंचं तांबं लावा, मग येतो." तिला समजवायला मला बोलावलंय.

जीप रिकामी परत पाठवली. मागून सायकलनं गेले. दादासाहेब गेटच्या आत उभे. गेटबाहेर बसलेल्या बायांनी सरकून जागा केली.

मी बसले.