घरातली प्रमाण मराठी

१ डिसेंबर, सकाळी
काल पुण्याहून आलो. साडूच्या मुलीचं लग्न छान झालं. जेवणाच्या रांगेत मात्र फजिती झाली. बायकोनं, सुकन्येनं, हॉलच्या दुसऱ्या टोकाहून फोन केला, कुठं आहात म्हणून. मी म्हणालो, येऊन राहिलो. मागच्या पोरानं विचारलं, काका, येणार का राहणार, एकदा काय ते ठरवा. रांग हसली. मीपण हसलो. परतीच्या ट्रॅव्हल्समध्ये डोळ्याला डोळा लागला नाही.

निर्णय: आजपासून घरात आणि दुकानात प्रमाण मराठी. आखाडा बाळापुरात पाईप-मोटारीचं एवढं मोठं दुकान आपलं, आणि तोंड उघडलं की हे असं. ही रोजनिशीसुद्धा शुद्ध. मी मनावर घेऊन राहि... घेतले आहे.

२ डिसेंबर
घरात तिघंच. मी, सुकन्या आणि माय. फार अवघड जाणार नाही. सुकन्या म्हणाली, तुमचं चालू द्या, माझी भाजी करपून राहिली. मी होकार समजलो.

मायला नियम समजावून दिले. न्हाईच्या जागी नाही. काहूनच्या जागी का. मी तिला माय नाही, आई म्हणणार. लगेच हाक मारली. तिनं पाहिलं नाही. पुन्हा मारली, तर दाराकडं बघून म्हणाली, कोणाचं लेकरू आलं बघ.

सुरुवात आहे.

५ डिसेंबर
दुकानात परमेश्वर आला. पुसेगावचा, जुनं गिऱ्हाईक. मी म्हणालो, या, आपणास काय हवे आहे? तो दोन पायऱ्या उतरून बोर्ड बघून आला. मग विचारलं, दुकान विकलं काय. मी म्हणालो, विकलेले नाही. भाव वाढले का, म्हणाला. वाढलेले नाहीत, म्हणालो. पाईप न घेताच गेला. जाताना शेजारच्या टपरीवाल्याला माझी तब्येत विचारून गेला.

मोठ्या बदलाला समाज आधी घाबरतो. वाचलंय कुठंतरी.

९ डिसेंबर
माय चुकली की मी थांबवतो. रागावत नाही, नुसतं बोट वर करतो. आज जेवताना ती तिच्या लहानपणीची, एका बकरीनं पाहुण्याचा फेटा खाल्ल्याची गोष्ट सांगत होती. बोट बऱ्याचदा वर करावं लागलं. फेटा अर्धा खाऊन झाला तिथं ती थांबली आणि भाकरीला लागली. पुढं काय झालं ते राहून गेलं.

पण शेवटच्या दोन वाक्यांत एकही चूक नव्हती.

१४ डिसेंबर
कमालीची इम्प्रूव्हमेंट. मायच्या चुका जवळजवळ बंद. दिवसभरात फक्त हो, नाही, चहा नको. सुकन्या म्हणते, माय बोलतच नाहीत आता. मी सांगितलं, मोजकं बोलणं हे सुसंस्कृतपणाचं लक्षण आहे. सुकन्यापण मोजकं बोलायला लागलीय. माझ्याशी तरी.

१८ डिसेंबर
मायचं पोट दुखतंय. नांदेडला मोठ्या डॉक्टरकडं नेलं. गाडीत बजावलं, तिथं नीट बोल, माणसं मोठी आहेत.

डॉक्टरनं विचारलं, काय होतंय? माय म्हणाली, वेदना होतात. कुठं? पोटात. कशा प्रकारच्या? तिनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, नीट सांग. ती म्हणाली, नीट वेदना होतात.

डॉक्टरनं ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. खरं सांगतो, मला अभिमान वाटला. वेदना हा शब्द मी तिला शिकवलाच नव्हता. टीव्हीवरून उचलला असणार.

२२ डिसेंबर
गोळ्यांनी फरक नाही. कसं वाटतंय विचारलं की म्हणते, बरे आहे. रात्री कण्हल्याचा आवाज येतो. हट्ट्याहून अक्का आली, माझी मोठी बहीण, आणि तिला आपल्याकडं घेऊन गेली. हवापालट होईल म्हणाली. मी अडवलं नाही. फक्त अक्काला सांगितलं, भाषेत खंड पडू देऊ नको. अक्कानं पिशवी उचलून मायला रिक्षात बसवलं.

२४ डिसेंबर, दुपारी
वसमतच्या दवाखान्यात आहे. मायचं ऑपरेशन झालं. पित्ताशयात खडे होते, सूज आलेली. डॉक्टर म्हणाले, उशीर केला, अजून थांबला असता तर अवघड होतं.

अक्काकडं पोहोचल्या पोहोचल्या मायनं सगळं सांगितलं म्हणे. उजव्या बरगडीखाली सलून राहिलं, तेलकट खाल्लं की कळ निघते, पाठीत जाऊन ठणकते. तिथल्या साध्या डॉक्टरनं एवढं ऐकलं आणि लगेच सोनोग्राफीला पाठवलं.

मी अक्काला म्हणालो, मला का नाही सांगितलं तिनं? अक्का बाकड्यावर बसली होती, हळूच बोलली.

"शिवहार, तिनं मला चोरून फोन केला होता. म्हणे, सलून राहिलं याला चांगल्या भाषेत काय म्हणत्यात, मला आठवून राहिलं न्हाई. मी म्हणलं, माय, तसंच सांग की त्याला. तर म्हणे, नको, तो बोट वर करतो."

मी बाहेर जाऊन चहा घेतला. मोबाईलवर शब्दकोश पाहिला. सलणे हा शब्द प्रमाण आहे. चाललं असतं.

३० डिसेंबर
सगळे नियम रद्द केले. सुकन्येला सांगितलं, आता कसंबी बोल. ती म्हणाली, बरं झालं, आणि भाजीत मीठ कमी पडलंय का विचारलं. म्हणजे घर जागेवर येऊन राहिलं. माय आली की सगळं पहिल्यासारखं. टार्गेट: नवीन वर्षाच्या आत.

४ जानेवारी
मायला आणायला हट्ट्याला गेलो. अक्काच्या अंगणात चार बाया बसलेल्या. बाहेर चप्पल काढतानाच मायचा आवाज आला. बकरीची गोष्ट सांगत होती. फेट्याचं राहिलेलं टोक बकरीच्या तोंडात, दुसरं पाहुण्याच्या हातात, आन् दोघंबी वढून राहिले. बाया पोट धरून हसत होत्या.

मी आत गेलो. माय थांबली. पदर सावरून बसली, शाळेत साहेब तपासणीला आल्यासारखी.

मी खाली बसलो. म्हणलं, "माय, घरी चल. तू तुझं बोल. मी काही म्हणत न्हाई आता."

तिनं माझ्या बोटाकडं पाहिलं. मग म्हणाली, "बरं."

बरं दोन्ही भाषांत चालतं, त्यामुळं कशातलं बरं ते कळलं नाही. जेवणं झाल्यावर अक्का म्हणाली, टाके अजून ओले आहेत, राहू दे काही दिवस. टाके ऑपरेशनचेच म्हणत असेल.

गोष्ट शेवटाला गेली नाही. बाया मी असेपर्यंत बकरीबद्दल बोलल्याच नाहीत.

१४ जानेवारी, संध्याकाळी
संक्रांत. अक्काला फोन लावला. मागून हसणं ऐकू येत होतं, त्यात मायचं ओळखू आलं. म्हणलं, दे तिला. ठरवलं होतं, ती काहीबी बोलली, कसंबी बोलली, तरी नुसतं ऐकायचं.

हसणं थांबलं. फोन हातात घेतल्याचा आवाज आला. घसा साफ केला तिनं.

"नमस्कार. माझी प्रकृती आता उत्तम आहे. आपण सर्व कसे आहात?"

मी म्हणलं, चांगले आहोत. ती म्हणाली, फार आनंद झाला. मग दोघंबी गप्प. फोन चालूच होता. एक चूक सापडली असती, तर पुढं काहीतरी बोलता आलं असतं.