बाईंच्या हातचं शेवटचं पातं

बाई, आज तुम्ही असायला हव्या होतात, असं नुसतं म्हणून भागत नाही. मला तुम्ही आत्ता, इथे हव्या आहात. कुपवाडला मित्राच्या वर्कशॉपात बसलोय. समोर बाण मारून बघायला ओल्या मातीचा मोठा गोळा आहे, लोखंडी चौकटीवर धनुष्य ताणून बांधलंय आणि माझे हात आता साथ देत नाहीत. गारगोटी फोडायला घेतली की बाणाचं पातं होण्याआधीच तिचे तुकडे होतात. तांब्याची पाती मात्र मित्राने सुरेख ठोकून दिली.

तुमचा प्रश्न उराशी धरून मी म्हातारा झालो. हजारो वर्षांपूर्वी शिकारीवर जगणाऱ्या काही माणसांना तांबं सापडलं, त्यांनी ते ठोकून बाणांना लावलंही, मग ती परत दगडाकडे का वळली? अजून दिसतं, उंब्रजला तुमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारात तुम्ही पोतं अंथरून बसलाय, चहा उतू चाललाय आणि तुमचं सगळं लक्ष गारगोटीच्या धारेकडे. मी माझं ओबडधोबड पातं तांब्याच्या पात्याशेजारी ठेवून ऐटीत म्हणालो, दगड हरला. तुम्ही भडकलात. एरवी वर्गातलं शुद्ध बोलणाऱ्या तुम्ही रागात गावाकडचं बोलायचात. "आरं, ही दगडाची परीक्षा न्हाई, तुझ्या हाताची हाय!" मग तुम्ही नुकतंच घडवलेलं, पानासारखं पातळ पातं माझ्या तळहातावर ठेवलंत. "ठेव. कवातरी लागंल."

चांगल्या हातचं दगडी पातं माझ्याजवळ तेवढंच उरलं होतं. मारलं की फुटणार, हे ठाऊक होतं. मित्रही म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की सर. लय जीव हाय तुमचा त्येच्यात." पण ते न मारता शोधनिबंधात काही लिहिलं असतं तर तुमच्या प्रश्नाचं वाटोळं झालं असतं. शेवटी आज दुपारी मीच ते बाणाला बांधलं.

बाई, ते तांब्यापेक्षा खोल गेलं, आणि आतल्या आत फुटलं. तांब्याचं नुसतं वाकलं होतं, मित्राने ठोकून सरळ केलं. तुमच्या पात्याचे तुकडे मी मातीतून वेचतोय आणि आता वाटतं, त्या माणसांना फुटण्याचं भय नव्हतं. दुसरं घडवणारं कुणीतरी रोज शेजारीच बसलेलं असायचं. माझ्या शेजारी कुणी नाही हो बाई.

तुम्हीच नाही, तर हे पत्र कुठे पाठवू? एकच सांगतो. तांब्याचं पातं आधी मारलं, तेव्हा ते आरपार जावं, दगड मारायची वेळच येऊ नये म्हणून मी देव पाण्यात घातले होते. तुमचं पातं मला मोडायचं नव्हतं.