दहा लक्सचा जिना

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे एक्याऐंशी, उजेड मोजणाऱ्या प्रयोगशाळेचा निवृत्त प्रमुख, याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकटा राहणारा, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे, माझ्यावर कोणी जोरजबरदस्ती केलेली नाही आणि हे सगळे मी माझ्या हाताने लिहीत आहे. काल डॉक्टर येऊन गेले. त्यांनी मला वार विचारला, वय विचारले आणि शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी दोनपर्यंत गेलो. ते म्हणाले, "बास, काका, बास." त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते कायद्याने पक्के होते, पण त्यात जे सांगायला हवे होते ते मी सांगितले नव्हते.

वकिलांनी मला बजावले आहे की कलमांमध्ये गोष्टी सांगत बसू नका. मी त्यांचे अर्धेच ऐकले. कलमांना क्रमांक दिले आहेत.

कलम १. राहते घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी, आतल्या सामानासकट, माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावे. तिने ते विकावे, भाड्याने द्यावे, नाहीतर कुलूप घालून ठेवावे. बारा वर्षांत तिने या घरात पाऊल टाकलेले नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी फोन करते. "बरे आहात?" "आहे." "गोळ्या?" "चालू आहेत." संपले बोलणे. यात तिचा काडीचाही दोष नाही. तिला वाटते की बापाने विजेच्या कंजूषपणापायी जिन्यावर मिणमिणता दिवा ठेवला आणि आई पडली. खरी गोष्ट त्याहून वाईट आहे आणि ती कलम ४ मध्ये आहे. घराच्या कागदांवर सही करण्याआधी तिने ते कलम वाचावे, एवढी एकच अट मी घालतो. वकील म्हणतात, ही अट कोर्टात टिकणार नाही. न टिकू दे. बाळा, तू वाच.

कलम २. बँकेतल्या ठेवी आणि शिल्लक. कलम ६ चा खर्च आधी भागवावा, उरलेले सगळे मुलीचे.

कलम ३. उपकरणे.

(अ) तीन मीटर लांबीचा लोखंडी बाक. यावर समोरासमोर दोन दिवे सरकतात आणि मधल्या गोल चकतीचे दोन भाग सारखे उजळ दिसेपर्यंत ते मागेपुढे करायचे असतात. दोन भागांमधली रेघ नाहीशी झाली की उजेड जुळला. मी निवृत्त झालो त्या वर्षी प्रयोगशाळेने हा बाक भंगारात काढला, का तर आता यंत्रच आकडा देते, माणसाचा डोळा लागत नाही. मी भंगारवाल्याच्या हातगाडीवरून तो परत आणला. बायकोने एका शब्दाने विचारले नाही की एवढे धूड घरात कशाला. दुसऱ्या दिवशी तिने त्यावर धुतलेल्या चादरी वाळत घातल्या. बाक मुलीने ठेवावा, चादरी वाळवायला तरी.

(आ) लाकडी पेटीतला प्रमाण दिवा. बाकीचे दिवे याच्याशी ताडून पाहायचे असतात. जितका जळेल तितका तो बदलतो, म्हणून तो किती तास जळला त्याची चिठ्ठी पेटीत आहे. कोणी तो शोभेसाठी लावू नये. तो आणि खिशातला उजेडाचा मीटर, दोन्ही प्रयोगशाळेला द्यावे. मीटर फोडून टाकावा असे मला बरेचदा वाटले आहे, पण त्या बिचाऱ्याचा काय दोष.

(इ) कॅमेऱ्याची तिपाई माझ्या धाकट्या भावाने वीस वर्षांपूर्वी "आठ दिवसांत देतो" म्हणून नेली आहे. ती त्याला बक्षीस.

(ई) वरच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांना काहीही देऊ नये. माझी बायको गेली तेव्हा भेटायला येऊन ते म्हणाले, "वय झालं होतं हो, पाय घसरायचाच." तिचा पाय घसरला नव्हता.

कलम ४. हिरव्या कापडी पुठ्ठ्याची निरीक्षण वही, क्रमांक सतरा. ती आधी मुलीने पाहावी आणि मग प्रयोगशाळेच्या आताच्या प्रमुख बाईंना द्यावी.

सव्वीस वर्षांपूर्वी आमच्याकडे विचारणा आली की राहत्या इमारतींच्या जिन्यांवर कमीत कमी किती उजेड असावा. उजेड लक्समध्ये मोजतात. वाचायच्या टेबलावर तो तीनशेच्या आसपास हवा, पौर्णिमेच्या चांदण्यात एकही भरत नाही. आम्ही अंधाऱ्या खोलीत राखाडी रंगाच्या तीन पायऱ्या बांधल्या. निरीक्षकाने आधी वीस मिनिटे काळोखात बसायचे, डोळे सरावू द्यायचे. मग वरच्या पायरीवर उभे राहून हातातले बटण फिरवत दिवा हळूहळू वाढवायचा आणि आता न चाचपडता उतरता येईल असे वाटले की म्हणायचे, "उतरतो." पडद्यामागचा लेखनिक आकडा टिपायचा. तो आकडा निरीक्षकाला कधीही सांगायचा नाही, हा आमच्याकडचा कडक नियम. सांगितला की पुढच्या वेळी डोळा त्या आकड्यामागे धावतो.

निरीक्षक पाच होते. चौघे नुकते नोकरीला लागलेले, कोणाचेच वय तिशीपलीकडे नाही. पाचवी माझी बायको, वय त्रेपन्न. ती त्या प्रयोगशाळेत माझ्याही आधीपासून होती. दोन पांढऱ्यांमधला फरक तिच्याइतका कोणाला कळत नसे. आमचा लेखनिक रजेवर होता म्हणून पडद्यामागे मीच बसलो.

चौघांचे आकडे नऊ ते अकराच्या आत आले. तिचा आला अठ्ठावीस. मी पडद्याआडून म्हणालो, "नीट बघ, घाई नाही."

"नीटच बघतेय हो," ती म्हणाली. "उतरता येईल तेव्हा सांगेन ना. उगाच कशी उतरू?"

पुन्हा सत्तावीस. मग एकोणतीस. सहा दिवसांत अकरा वेळा, आणि एकदाही ती पंचविसाच्या खाली आली नाही. इतका एकसारखा डोळा त्या खोलीत दुसरा कोणाचा नव्हता. हे मला तेव्हाही दिसत होते.

सरासरीपासून फार लांब पडलेल्या आकड्याभोवती लाल पेन्सिलीने वर्तुळ करायचे, बाजूला कारण लिहायचे आणि तो हिशेबातून वगळायचा, अशी आमची रीत होती. मी अकरा वर्तुळे केली. अकरा वेळा कारण लिहिले: निरीक्षकाचा दोष. अक्षर माझे आहे, बाळा, तुला ओळखू येईल.

मी स्वतःची समजूत घातली की तिची नोकरी वाचवतो आहे. डोळे अधू झाले असे वरच्यांना कळले असते तर तिला निरीक्षणावरून काढून फायलींवर बसवले असते. हे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे असे की अहवाल द्यायची तारीख डोक्यावर होती, आणि चौघांचे आकडे कसे एका ओळीत बसले होते. तिच्या आकड्यांनी सगळा तक्ता विस्कटला असता. वयाप्रमाणे डोळ्यातले भिंग पिवळे पडते, बाहुली लहान होते, उजेड जास्त लागतो, हे मी त्याच महिन्यात एका वर्गात शिकवत होतो. आणि तिच्या बाबतीत लिहिले, निरीक्षकाचा दोष. अहवालात मी "निरीक्षक पाच" असेच छापले. शिफारस: दहा लक्स.

तिला मी हे कधीच सांगितले नाही.

कलम ५. हे खरे तर कलम नाही, पण मुलीला ठाऊक असायला हवे.

अहवाल छापून आल्यावर मी आमच्या इमारतीचा जिना मोजला. तेवीस लक्स निघाले. इमारतीचा सचिव मीच. मला फुशारकी सुचली आणि मी सगळे दिवे बदलून बरोबर दहावर आणले. बायको पहिल्याच संध्याकाळी म्हणाली, "अहो, पायरी दिसत नाही मला. मोठा दिवा लावा ना."

"दहा आहे. मोजलंय मी."

"तुम्ही मोजलंत, पण उतरायचंय मला!"

असे चार-पाच दिवस चालले. मग एकदा चहा गाळता गाळता ती थांबली आणि हळूच म्हणाली, "त्या दहात माझाही आकडा आहे ना? मग मलाच कसं दिसत नाही? माझेच डोळे त्यानंतर बिघडले असणार."

त्या वेळी तोंड उघडायला हवे होते. मी म्हणालो, "चष्मा तपासून घे."

तिने चष्मा तपासून घेतला. नंबर बदललेला नव्हता. त्यानंतर तिने माझ्यापाशी दिव्याचे नाव काढले नाही. एका हाताने कठडा धरून, पायाच्या अंगठ्याने पायरीची कड शोधत उतरायची. चौदा वर्षे अशी उतरली. माझ्यावर नाही, स्वतःच्याच डोळ्यांवर अविश्वास ठेवत उतरली. बारा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तळमजल्यावरच्या शिंप्याची कात्री परत द्यायला निघाली आणि दोन्ही हात भरलेले होते, एका हातात कात्री आणि दुसऱ्यात उसवलेला सदरा, माझाच. सातव्या पायरीवर ती पडली. शिंपी धावत वर आला. तीन आठवडे दवाखान्यात काढून ती गेली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मुलगी मला म्हणाली, "बाबा, आई मला इतकी वर्षं सांगत होती, पायरी दिसत नाही. तुमचा मीटर आईपेक्षा खरा का?"

मी म्हणालो, "मीटर खोटं बोलत नाही."

मीटर खोटे बोलत नव्हता, हे खरेच आहे. खोटे मी बोलत होतो. तेवढे वाक्य त्या दिवशी बोललो असतो तर तू मला चार शिव्या घातल्या असत्यास, कदाचित मारलेही असतेस, पण घरी आली असतीस.

कलम ६. दिवे. माझ्या पश्चात आठ दिवसांच्या आत या इमारतीच्या जिन्यावरचे सगळे दिवे बदलावेत. तोवर थांबायचे कारण एवढेच की सध्याचे सचिव मला उभे करत नाहीत. म्हणतात, "काका, नियमच दहाचा आहे, आणि तो तुमचाच आहे." किती उजेडाचे दिवे लावायचे ते मुलीने ठरवावे. मीटर वापरू नये. संध्याकाळी दोन्ही हात भरलेले ठेवून वरून खाली उतरावे आणि न चाचपडता उतरता येईल तितका उजेड ठेवावा.

प्रमुख बाईंना माझी विनंती: त्या चौघांपैकी सर्वांत लहान निरीक्षक तुम्ही होतात, वय चोवीस, तुमचा आकडा नऊ. आज तुम्ही पन्नाशीच्या आहात. एकदा त्या तीन पायऱ्यांवर पुन्हा उभ्या राहा आणि "उतरते" केव्हा म्हणता ते दुसऱ्याला टिपू द्या. मग दहाची शिफारस ठेवायची की नाही ते ठरवा. इतक्या इमारतींमध्ये इतकी म्हातारी माणसे रोज चाचपडत उतरतात आणि आपले डोळे गेले म्हणून गप्प बसतात. ती गप्प बसतात ती माझ्यामुळे.

कलम ७. डोळे. दान करावेत. डॉक्टर म्हणाले, पुढचा पारदर्शक पडदा कोणाला तरी उपयोगी पडेल. आतले भिंग पिवळे झाले आहे, ते घेत नाहीत. ते माझ्याबरोबर जळू दे. बाकी कसलेही विधी नकोत. शोकसभा तर नकोच, पोस्टमास्तर बोलायला उभे राहतील.

कलम ८. शिंप्याला या मृत्युपत्रात काहीही मिळत नाही. वकील म्हणाले, जो साक्षीदार त्याला वाटा देता येत नाही. वाटा की साक्ष, दोन्ही मी त्याच्यापुढे ठेवले. तो म्हणाला, "मला साक्षीदारच करा. त्या दिवशी पहिला मीच पोचलो होतो." या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकिलांनी करावी.

शेवटची नोंद. काल संध्याकाळी शिंप्याने आमच्या जिन्यात एक जादा दिवा टांगला आणि त्याला कमीजास्त करायचे बटण जोडले. मी सातव्या पायरीच्या वर वीस मिनिटे काळोखात बसलो. तो माझ्या मागे मीटर आणि वही घेऊन बसला होता. दोन्ही हातांत मी काहीबाही धरले होते, म्हणून बटण त्याने फिरवले. दहा वेळा केले. आकडा मला सांगायचा नाही, असे मी त्याला बजावले होते. त्याने सांगितला नाही. आज सकाळी त्याची वही वाचली आणि त्यातल्या आकड्यांवरून पुढील नोंद केली आहे. ती वही क्रमांक सतरामध्ये, तिच्या अकरा आकड्यांच्या खाली, चिकटवावी.

निरीक्षक: मी. वय: एक्याऐंशी. आकडे दहा, सरासरी चौतीस लक्स. लाल वर्तुळ: नाही. निरीक्षकाचा दोष: अकरा वेळा, वरच्या नोंदींत, तिच्या नावाने लिहिलेला. तो माझ्या नावावर करावा.

हे सगळे मी वाचून पाहिले, समजून घेतले आणि दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली.

सही: (मुलीचे वडील)

साक्षीदार पहिला: तळमजल्यावरचा शिंपी. सही केली. आकडे मी टिपले आणि ते खरे आहेत.

साक्षीदार दुसरा: डॉक्टर, दाखला देणारे. सही केली.

ठिकाण: राहते घर, गॅलरीतले टेबल.
दिनांक: सोळा नोव्हेंबर, सकाळचे अकरा. टेबलावरचा उजेड मोजलेला नाही. लिहिलेले दिसत होते.