भर श्रावणात रसवंती

गुलाम रसवंती, बसस्टँडसमोर
२४ ऑगस्ट २०२१

भागवत यास गुलाम रसूलचा सलाम, आणि लेकीच्या घरातल्या लहानथोरांना राम राम.

आमचं इकडं बरं हाय. तुझंबी बरं असंल असं लिहायची रीत हाय म्हणून लिहितो. खरं काय ते ऋतुजा फोनवर सांगतीच. "बाबा कुणाचाच फोन घेत न्हाईत, काका," म्हणली. मी म्हणलं, फोन न्हाई घेत तर नको घेऊ, पत्र तर घेईल? तिच्याकडून लातूरचा पत्ता घेतला आन बसलो लिहायला. अक्षराला हसू नको. शाळेत तुझ्या पाटीत बघूबघूच लिहायला शिकलो, तवा खोट असंल तर ती तुझी.

आमच्या बिलकीसचा गुडघा पावसानं धरलाय. सत्यमनं पानटपरीला नवा पत्रा टाकला, तो पहिल्यापेक्षा जास्त गळतो. तेलुगूत शिव्या देऊन राहिला पत्रेवाल्याला, आन आम्ही हसून राहिलो.

आता मोठी खबर. खाली बस आन मग वाच. आपल्या नगरपंचायतीनं हाटेलवाल्यांना मदत द्यायची ठरवली. चहा, भजे, खानावळ, रसवंती, सगळ्यांना. गाळ्याचं भाडं माफ, आन वरून बँकेत पैसे. कर्ज न्हाई बरं का, फेडायचे न्हाईत. मला वाटलं कुणीतरी उठवलेली आवई. दोन उन्हाळे आपल्या दाराला कुलूप. उसाचा रस विकणाऱ्यानं उन्हाळ्यात न्हाई कमवायचं तर काय थंडीत कमवायचं? तवा कुणी पुसलं न्हाई, आन आता पुसायला आले, खरं कसं वाटंल?

पण हे घडवलं ते नव्या मुख्याधिकारी मॅडमनं. आरती मॅडम. तू गेल्यावर आल्या. बारीक अंगाच्या, चष्मा, बोलणं हळू, पण बोलल्या की समोरचा गप. सभेत एक मेंबर उठला, "नाल्यांचा पैसा भज्यांना का म्हणून?" सत्यम दारातच उभा होता, त्यानं कानानं ऐकलं. मॅडम म्हणल्या, "गाडीतून उतरलेल्या माणसाला या गावात चहा नाही मिळाला, तर पुढच्या वेळेला तो उतरणारच नाही. मग तुमच्या नाल्या बघायला येणार कोण?" सगळी सभा हसली. तो मेंबरबी हसला आन त्यानंच हात वर केला. आजवर सरकार आपल्या दारात आलं ते पावती फाडायला. द्यायला आलेलं मी तरी पहिल्यांदाच बघितलं.

अट एकच. धंदा जिता पाहिजे. कुलूप लावून बसलेल्याला न्हाई.

झालं, इथंच माझी गोची. सुदर्शन म्हणून नवा पोरगा हाय नगरपंचायतीत, छत्री घेऊन दुकानं बघत आला. माझ्या मशिनीवर ताडपत्री, घुंगरं काढून घरात ठेवलेली. तो म्हणतो, "चाचा, धंदा बंद हाय." मी म्हणलं, "अरे बाबा, श्रावणात रसवंती चालू असती का कधी? पौषात आंब्याखाली जाऊन झोळी पसरतोस का?" तो म्हणला, "मला चालू दिसलं पाहिजे. उद्या मॅडम सोता येणार हायेत, त्यांना दाखवा."

मग काय. दाखवू म्हणलं.

अर्धापूरच्या ऊसवाल्या श्रीमंतला फोन लावला. त्यानं ऊस धाडला, पण कोवळा, नुसतं पाणी. सकाळी घुंगरं बांधली. पाऊस असा की समोरचा स्टँड दिसंना. आन मशीन चालू केली, छन छन छन! तुला सांगतो भागवत, दीड वर्षानं तो आवाज आला आन माझे डोळे भरले. खोटं कशाला बोलू.

पण भर पावसात रस पिणार कोण? कोण न्हाई आलं ते विचार! ऑटोवाले आले, शिवणकाम करणारी मनिषा आली, वैजनाथ कंडक्टर गाडी उभी करून आला, मागून गाडीतल्या शिटाबी उतरून आल्या. कुडकुडत्यात आन रस पित्यात. "बर्फ टाका चाचा, धंदा खरा दिसला पाहिजे," असं वरून सांगत्यात. सत्यमनं मास्क खाली करून तिसरा गलास घेतला, आन मॅडमची गाडी थांबायला अन् त्याला शिंक यायला एकच गाठ पडली. अशी शिंक, अशी शिंक, की सगळी लाईन उधळली! ज्यांनी लाईन लावली तेच पळाले. सुदर्शन ते ताप बघायचं मशीन घेऊन सत्यमच्या मागं. सत्यम बोंबलतोय, "बर्फानं हाय रे, बर्फानं हाय!"

मॅडम छत्रीखाली उभ्या. मी एक गलास पुढं केला. प्यायल्या. मग म्हणल्या, "चाचा, ऊस कोवळा आहे."

माझी मान खाली. म्हणलं, "हाय मॅडम. पण धंदा जुना हाय. माझ्या बापानं चालू केलेला."

त्या हसल्या न्हाईत, रागावल्याबी न्हाईत. सुदर्शनला म्हणल्या, "चूक आपली आहे. उन्हाळ्याचा धंदा पावसाळ्यात बघायला आलो आपण. रसवंती, लस्सी, कुल्फी, यांची मशीन बघायची, विक्री नाही." तिथंच नियम बदलला. त्या एका शब्दावर बारा रसवंत्या तरल्या असतील. मग मला म्हणल्या, "आता बंद करा चाचा, नाहीतर अख्खं गाव आजारी पडेल." इतका मोठा हुद्दा, पण गलास सोताच्या हातानं विसळून ठेवला.

जाताजाता त्यांनी शेजारच्या हाटेलाचं विचारलं. म्हंजी तुझं. मी काहीतरी बोललो. काय बोललो ते आज लिहीत न्हाई, कागद संपत आला.

तुझं शटर ठीक हाय. कागदावर तेलाचा डाग दिसला तर मनावर घेऊ नको.

तुझा, लाईनीतला शेजारी
गुलाम रसूल

ता. क. बिलकीस विचारती, भागवतभाई पिठात ओवा आधी टाकतात का मागून. कशाला विचारती ते तिचं तिला माहीत.

·

बसस्टँडसमोर
८ सप्टेंबर २०२१

भागवत,

सलाम. राम राम. बाकीचं सगळं मागल्या पत्रात लिहून झालंय.

तुझं उत्तर न्हाई. तुझी मर्जी. पण हे पत्र पोस्टात टाकायला वेळ न्हाई म्हणून वैजनाथ कंडक्टरच्या हातात दिलंय. तो तुझ्या दारात उभा राहील आन तू वाचल्याबिगर हलणार न्हाई. मी त्याला तशी कसम घातली हाय.

मागं जे लिहिलं न्हाई ते आता लिहितो. मॅडमनं त्या दिवशी विचारलं, "शेजारचं हॉटेल बंद झालं का?" माझ्या तोंडातून निघालं, "बंद कशाला व्हईल? मालक लेकीकडं गेलाय, मी बघून राहिलो तवर." आन माझ्याकडं ठेवलेल्या तुझ्या किल्लीनं शटर उघडलं. जाळी-जळमटं, कढई पालथी, बाकडं भिंतीला. मॅडम आत बघत उभ्या राहिल्या. म्हणल्या, "बघताय तर मग दिसू द्या. परवा भजी खायला येते."

आता बोल! उभ्या जन्मात मी चहासुदिक कधी केला न्हाई, बिलकीसला विचार.

पण पेटवली भट्टी. तवापासून रोज पेटवून राहिलो. हां, मीच. तेलाचा डाग त्याचाच. हात दोनदा भाजला. बिलकीस म्हणती तुमच्या अंगाला भागवतभाईंचा वास येऊन राहिला, भाईर झोपा. पहिल्या दिवशी भजे असे झाले की वैजनाथनं एक खाल्लं आन गाडीच्या खिडकीतून दुसरं फेकून मारलं. म्हणला, "हे भजे न्हाईत चाचा, गोट्या हायेत." तरी लोक खाऊन राहिलेत. पैसे देऊन खाऊन राहिलेत, आन जाताना तोंडावर सांगत्यात, "बेकार हाय चाचा, उद्याबी येतो." या गावाला मी नावं ठेवायचो. आता न्हाई ठेवणार.

मॅडम आल्या सांगितल्या दिवशी. एक भजं खाल्लं, लई येळ चावत बसल्या. दुसरं घेतलं. म्हंजी माणुसकी बघ. मग इकडं तिकडं बघून म्हणल्या, "मी रुजू व्हायच्या आधी एकदा इथं उतरले होते. तेव्हा एक बाई होत्या, चटणी वाढायच्या. मागितली नाही तरी दुसऱ्यांदा वाढायच्या. त्या कुठं आहेत?"

भागवत, झारा हातात तसाच, अख्खा घाणा काळा झाला. सुदर्शननं गॅस बंद केला.

मागलं पत्र मी चार पानं लिहिलं आन त्यात पार्वती वैनीचं नाव एकदाबी येऊ दिलं न्हाई. तुला लागंल म्हणून. आता वाटतं, मलाच लागत होतं. पाच महिने झाले, या लाईनीत कुणी तिचं नाव काढत न्हाई. सगळे नुसते चटणीची आठवण काढत्यात. "चटणी तशी न्हाई," म्हणत्यात. चटणी कशाची तशी व्हईल? ती गेली, आन दवाखान्यात आपल्याला तिचं तोंडबी धड बघू दिलं न्हाई. तू शटर ओढलंस, आपल्या दोघांच्या मधली खिडकी आतून लावलीस आन गेलास. मी थांब म्हणायला पाहिजे होतं.

ती खिडकी मी उघडली हाय. सांगून टाकतो. सव्वीस वर्षं सकाळी पहिला घाणा त्या खिडकीतून माझ्याकडं आला, आन उन्हाळ्यात माझा पहिला गलास तिकडं गेला. वैनीचा गलास, बर्फ न टाकता, तिचा घसा धरायचा म्हणून. त्या पावसाच्या दिवशी मशीन लावली तर हातानं आपसूक पहिला गलास बिनबर्फाचा भरला आन बंद खिडकीच्या फळीवर ठेवला. पलीकडं कुणी न्हाई हे गलास ठेवल्यावर याद आलं. लोकं रस पिऊन हसून राहिली होती आन मी मशीनकडं तोंड करून उभा होतो. हे मागल्या पत्रात लिहिलं न्हाई.

आता कामाचं बोलतो. मॅडमनं तुझं भाडं माफ केलंय, आन पहिला हप्ताबी मंजूर केलाय. पण दुसऱ्या बारीला आल्या तवा म्हणल्या, "चाचा, तुमची दोस्ती मी बघितली. पण मदत दोस्ताला देता येत नाही, मालकाला देता येते. तेरा तारखेला, सोमवारी, मालक कढईसमोर उभा पाहिजे. नसला तर गाळा मला दुसऱ्या गरजवंताला द्यावा लागेल, आणि तेही बरोबरच होईल." मी तोंड उघडायच्या आधीच म्हणल्या, "त्यांना पत्र लिहा. माझ्या नोटिशीपेक्षा तुमचं लवकर पोचेल." मला राग आला न्हाई. बाई वाकडं काही बोलली न्हाई. आपल्यासाठी भांडली, आपल्यासाठी नियम बदलला, आन जिथं बदलायचा न्हाई तिथं हातबी जोडून सांगितलं. अशा माणसाला तोंडघशी पाडायचं न्हाई, भागवत.

तू म्हणशील, कुणासाठी उघडू? ऋतुजाला तू तसंच म्हणलास म्हणं. तर ऐक. माझ्यासाठी उघड. मी रोज सकाळी खिडकीत बघतो. येड्यावानी बघतो. वैनी गेली, तिच्या मागं तूबी गेलास, तर मी ती खिडकी विटांनी बुजवू का? सांग तसं, बुजवतो.

सोमवारी ये. न्हाई आलास तर मी त्या मॅडमच्या पुढं गोट्याच तळीन, आन तुझ्या नावाला बट्टा लावीन.

तुझी वाट बघून राहिलेला,
गुलाम

·

लातूर
११ सप्टेंबर

गुलाम,

वैजनाथ परवा पत्र देऊन गेला, आज उत्तर न्यायला परत दारात उभाय. गाडीला उशीर व्हतोय म्हणतो, पण हलंना. म्हणून घाईत लिहितो.

ओवा पीठ भिजवताना टाकायचा, पण तळहातावर चुरडून. आख्खा टाकतोस व्हय रे गाढवा? आन तेल तापल्यावर त्यातलं एक पळी पिठात घालायचं, म्हंजी गोट्या व्हत न्हाईत. सोडा चिमूटभर. तू मूठभर टाकला असशील, मला माहीत हाय.

इथं पार्वतीचं नाव कुणी घेत न्हाई. ऋतुजा न्हाई, जावई न्हाई. मला जपत्यात बिचारे. मला वाटायचं, कुणी नाव घेतलं की मी कोसळंन. तू लिहिलंस, मी चारदा वाचलं. कोसळलो न्हाई, रडलो. ती गेल्यावर पहिल्यांदा. लेक शेजारी येऊन बसली आन तीबी रडली. मग आम्ही दोघं जेवलो.

चटणी मला येती का ते माहीत न्हाई. ती करायची तवा मी गल्ल्यावर असायचो. शेंगदाणा, तीळ, लसूण येवढं कळतं, पुढचं हातानं करून बघावं लागंल. बिघडली तर बिघडली. मॅडमला म्हणावं दोनदा वाढीन.

सोमवारी पहिल्या गाडीनं येतो. कढई घासून ठेव, पण भट्टी पेटवू नको, ती मी पेटवीन. पहिला घाणा तुझा हाय.

खिडकी उघडी ठेव.

भागवत